आजोबांच्या पेटीतले ल्यूर: आधी मीठ, मग वय, मग किंमत

पेडण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबा बोटीवर नोकरीला होते आणि सुटीवर आले की तेरेखोलच्या मुखाशी गळ टाकायचे. त्यांच्या माघारी माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. तिच्यात ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारी खोटी आमिषे आहेत. सात लाकडी प्लग, म्हणजे माशासारखे घडवलेले ठोकळे, त्यांपैकी दोघांना काचेचे डोळे. दहा-बारा धातूचे स्पून, म्हणजे चमच्यासारखे पत्रे, शिशाच्या डोक्याचे पिसांचे जिग, म्हणजे गळावर धातू ओतून केलेली आमिषे, हाताला चिकटणारा एक पारदर्शक प्लग आणि शिंपल्याचा एक छोटा ल्यूर आहे. पुठ्ठ्याची काही खोकीही आहेत, त्यांतल्या एकावर ‘३०$००’ असे लिहिले आहे. विचारणा अशी: हे किती जुने, किंमत किती येईल आणि ते स्वच्छ कसे करायचे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण त्यात चूक झाली की पहिल्या दोन्हींना अर्थ उरत नाही. तूर्त काहीही घासू नका. चिंच, बिंबली, लिंबू, रांगोळी, पितळेची पावडर, सोडणाची घासणी, टूथपेस्ट, यांतले काहीच नको. खोबरेल तेलाचा हातही नको. तेल खवट होते, धूळ धरते आणि गोव्याच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. पेटी उघडल्यावर पहिले काम फोटोचे. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात प्रत्येक नगाचे सहा बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. एक फोटो टॉर्च अगदी आडवा धरून काढा, म्हणजे पुसट ठसे आणि रंगावरचे उंचवटे दिसतात. कोणता ल्यूर कोणत्या कप्प्यात, कोणत्या खोक्यात होता हे लिहून ठेवा. हे एकदा विस्कटले की पुन्हा जुळत नाही.

आता मिठाविषयी, कारण गोड्या पाण्यातले जुने ल्यूर आणि खाऱ्या पाण्यातले जुने ल्यूर यांतला खरा फरक तिथेच आहे. गोड्या पाण्यातला प्लग पेटीत पडून राहिला तर तो तसाच राहतो. समुद्रात वापरलेला आणि न धुता ठेवलेला प्लग पेटीतही झिजत असतो. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांपासूनच ओलावा खेचते. गोव्यात जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही हवा सहसा इतकी कोरडी नसते. म्हणजे स्क्रूच्या खाचेत, गळाच्या मुळाशी, ओठाच्या, म्हणजे प्लगच्या तोंडापुढे बसवलेल्या, पत्र्याखाली अडकलेले मीठ बारा महिने ओलेच राहते. लाकडाला बाहेरून काही झालेले दिसत नाही, पण स्क्रू आतून गंजून फुगतो, लाकूड चिरते आणि रंगाची खपली उडते. खाऱ्या पाण्यातले ल्यूर चांगल्या स्थितीत फार कमी उरले त्याचे हेच मुख्य कारण. म्हणूनच समुद्रात फिरलेल्या नगाच्या स्थितीला तळ्यातल्या नगाच्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा पेच असा की मीठ काढायचे, पण गंजाचा आणि जुनेपणाचा रंग ठेवायचा. निव्वळ धातूच्या स्पूनसाठी रीत सोपी आहे. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर घ्या. घरच्या आरओचे पाणी चालत नाही, त्यात क्षार राहतात. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर डिस्टिल्ड पाणी ५ च्या आत दिसले पाहिजे. काचेच्या बरणीत स्पून पूर्ण बुडवून २४ तास ठेवा आणि आकडा पुन्हा पाहा. पहिल्या दिवशी तो चांगलाच चढतो. पाणी बदला, पुन्हा २४ तास थांबा. एका दिवसातली वाढ ५ च्या आत आली की थांबायचे, याला सहसा चार ते आठ दिवस लागतात. मग सुती कापडाने टिपून पंख्याखाली दोन दिवस सुकवा. पोलादी गळ स्प्लिट रिंगवर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याच्या कडीवर असेल आणि रिंग सहज उघडत असेल तर गळ वेगळा काढा, नाहीतर पाण्यात तो ताजा गंज सोडतो. रिंग आखडली असेल तर पक्कड लावू नका. रिंग मोडली की मूळ जोडणीचा पुरावा गेला. असा स्पून बुडवण्याऐवजी ओल्या बोळ्यांनी थोडाथोडा टिपत जा.

लाकडी प्लग पाण्यात कधीच बुडवायचा नाही. सीडरसारखे लाकूड पाणी पिऊन फुगते आणि वरचा लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, तडकतो. कानात घालायच्या कापसाच्या काडीला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, ती पृष्ठभागावरून घासत न नेता गोल फिरवत न्या आणि लगेच कोरड्या काडीने टिपा. आधी पोटाकडच्या, सहज न दिसणाऱ्या जागी करून पाहा. काडीवर रंग आला तर तिथेच थांबा. स्पिरिटने शेलॅक, म्हणजे लाखेचे रोगण, विरघळतो, थिनर आणि अ‍ॅसिटोनने लॅकर विरघळतो, त्यामुळे तिन्ही वर्ज्य. डब्यातले गंज सोडवणारे स्प्रेही नकोत, ते भेगांमधून लाकडात शिरतात आणि रंगाखालून डाग उमटतो. गळ कोरडे झाले की त्यांवर बारीक ब्रशने मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या. एवढे पुरे.

पितळी किंवा तांब्याच्या स्पूनवर गडद, घट्ट बसलेला हिरवट-तपकिरी कळंक असेल तर तो ठेवायचाच. पण फिकट हिरवी, पिठासारखी, नखाने झडणारी भुकटी दिसली आणि पुसल्यावर आठवड्यात परत आली तर तो चालू रोग आहे. तांब्याचे क्लोराइड हवेतला ओलावा घेऊन आतला धातू खात राहते. ४५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत ते थांबत नाही. असा नग इतरांपासून वेगळा करून हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा आणि धातूवर काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. यावर वापरली जाणारी रसायने घरी हाताळण्यासारखी नाहीत.

चिकटणारा पारदर्शक प्लग आजच बाहेर काढा. अंगठ्याने जरा चोळून वास घ्या. कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइडच्या जातीचे, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सेल्युलोज अ‍ॅसिटेट. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हेडन कंपनीने ‘स्पूक’ नावाने आपले प्लॅस्टिकचे पहिले प्लग काढले, ते पायरलिनचे, म्हणजे याच नायट्रेटचे होते. ते आपोआप सडतात. पुढे कंपनी टेनाइट या दुसऱ्या प्लॅस्टिककडे वळली, ते बरेच टिकले. सडणारे नायट्रेट आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्या ल्यूरचे गळ खाते. ते झटकन पेटतेही. तापवलेल्या सुईची जुनी चाचणी म्हणूनच कुणी सुचवली तरी करू नका. हा प्लग कागदात सैल गुंडाळून हवेशीर, थंड जागी वेगळा ठेवा. डांबराच्या गोळ्या आणि कापराच्या वड्या पेटीत कुठेच नकोत. कापूर नायट्रेटला आणखी मऊ करतो आणि डांबरगोळीची वाफ जुन्या पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक झाकणांना चिकट करते. गांडुळासारखी मऊ रबरी आमिषेही हार्ड प्लगला टेकू देऊ नयेत. त्यांतला मऊपणा आणणारा द्रव रंगात उतरतो आणि खड्डा पाडतो.

आता वय. एकेक खूण फक्त ‘याच्या आधीचे असू शकत नाही’ एवढेच सांगते. अशा चार-पाच खुणांची गाठ जिथे पडते तिथे वय सापडते.

खोक्यावरच्या ‘३०$००’ पासून सुरू करू, कारण ते पाहून बरेच जण तीस डॉलर समजतात. ते डॉलर नव्हेत. पोर्तुगीज लिखाणात एस्कुदो आणि सेंताव्हो यांच्या मध्ये हे चिन्ह येते, म्हणजे हे तीस एस्कुदो. गोव्यात १९५८-५९ मध्ये रुपियाची जागा एस्कुदोने घेतली, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज राजवट संपली. किंमत गोव्यातल्या दुकानाने लिहिली असेल तर खरेदी याच तीनेक वर्षांतली. मात्र एस्कुदो लिस्बनमध्येही चालत होता आणि मोझांबिकमध्येही. मोझांबिकमधल्या लोरेन्सु मार्किश किंवा बैरा इथल्या दुकानाचे नाव खोक्यावर कुठे पुसट आहे का ते आडव्या उजेडात पाहा. खरेदीची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे हेही ध्यानात ठेवा, दुकानात माल वर्षानुवर्षे पडून राहतो.

गोव्यातल्या घरांत असा माल सापडतो याला कारण आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोव्यात परदेशी वस्तू थेट येत राहिल्या. त्या काळात भारतातल्या बाजारात दुर्मीळ असलेली वस्तू इथे दुकानात मिळायची. दुसरा मार्ग तारवटींचा, म्हणजे बोटीवरच्या माणसांचा. तिसरा मोम्बासा, दार-ए-सलाम, बैरा इथून परतलेल्या कुटुंबांचा. त्यामुळे गोव्यातल्या एकाच पेटीत इंग्लंडचा स्पून, अमेरिकेचा प्लग आणि जपानी पिसांचा जिग शेजारी शेजारी दिसला तर नवल नाही. आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, घरात असेल तर तिला या पेटीचाच भाग समजा. तिच्यात बोटीचे नाव, चढल्या-उतरल्याची तारीख आणि बंदर असते. एखादा प्लग ज्या प्रदेशात विकला जाई त्या किनाऱ्यावर आजोबा कोणत्या साली होते हे दाखवता आले तर संग्राहकाच्या नजरेत त्या नगाचे वजन वाढते.

धातूवर आणि खोक्यावर छापलेल्या शब्दांतूनही बरेच कळते. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. ‘ऑक्युपाइड जपान’ असा ठसा महायुद्धानंतरचा आणि १९५२ पर्यंतचा. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९०. फ्रेंच स्पूनवरची ‘एस. जी. डी. जी.’ (पेटंटला सरकारी हमी नाही) ही अक्षरे १९६८ नंतरच्या पेटंटवर येत नाहीत. इंग्लिश मालावर ‘आर. डी. नंबर’ असेल तर तो १८८४ पासूनच्या नोंदणीकृत डिझाइनचा क्रमांक, त्यावरून नोंदणीचे साल काढता येते. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर छपाई १९६३ नंतरची. भारतीय दुकानाच्या चिठ्ठीवर सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

लाकडी प्लगमध्ये लोखंड वाचायला शिका. रंग फसवतो, जोडकाम सहसा फसवत नाही. हेडनच्या प्लगमध्ये गळ धरणारी कडी आधी खोलगट वाटीत असे, साधारण १९१७ पासून इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पट्टी आली, पुढे दोन तुकड्यांची पट्टी आणि शेवटी पृष्ठभागावर बसवलेली एकसंध पट्टी. क्रीक चब या इंडियानातल्या गॅरेट गावच्या कंपनीचे नाव बहुधा ओठाच्या पत्र्यावरच ठोकलेले असते. तिच्या खोक्यावरचा आकडाही बोलका आहे. ७०० म्हणजे पायकी नावाचे मॉडेल, २३०० म्हणजे मोठा हस्की पायकी, २६०० म्हणजे जोडाचा पायकी, आणि शेवटचे दोन आकडे रंगाचे: ०० पाइक माशाचा, ०१ पर्च माशाचा, ०२ पांढरे अंग नि लाल डोके. लाल डोक्याचा पांढरा प्लग समुद्रात फार चालायचा, म्हणून तो भरपूर बनला आणि म्हणूनच सहसा महाग नसतो. काचेचे डोळे म्हणजे जुनेच असा सरसकट निष्कर्ष काढू नका. अनेक कारखान्यांनी ते १९४० च्या दशकात सोडले, पण क्रीक चब ते पुढेही वापरत राहिली. फुली खाचेचा स्क्रू मात्र ठाम खूण आहे. त्याचे पेटंट १९३६ चे. १९२० चा म्हणून दाखवलेल्या प्लगच्या ओठावर तो दिसला तर एकतर ओठ बदललाय किंवा गोष्ट खोटी.

मुळात समुद्रासाठीच बनवलेला नग कसा ओळखायचा? गळाला कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा असतो. गोड्या पाण्यासाठीचे गळ सहसा तपकिरी किंवा काळे. मोठ्या माशासाठीच्या प्लगमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत एकच तार आरपार जाते, म्हणजे लाकूड फुटले तरी मासा तारेवर राहतो. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर महायुद्धानंतर स्ट्राइप्ड बास माशासाठी बॉब पाँड यांचे अ‍ॅटम आणि स्टॅन गिब्स यांचे प्लग निघाले. तशा प्लगमध्ये ही तार आहे की नुसते स्क्रू, ते नाक आणि शेपटी या दोन्ही टोकांना पाहून कळते. खात्री हवी असेल तर दातांच्या दवाखान्यातल्या छोट्या एक्स-रेवर तार आणि आतले शिसे स्वच्छ दिसते. रापाला कंपनीचा मॅग्नम प्लग गोव्यात इसवण आणि तांबसो या माशांसाठी बोटीमागे ओढला जातो. जुना मॅग्नम लाकडी अंगाचा आणि धातूच्या ओठाचा. लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये फिनलंडमध्ये बुचाचा पहिला प्लग केला आणि १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ मासिकातल्या लेखाने त्याची मागणी एकदम वाढली. त्यामुळे १९६० पूर्वीचा रापाला भारतात सापडणे दुर्मीळ आणि ‘फिनलंड’ ठसा असलेला प्रत्येक प्लग दुर्मीळ मात्र नाही.

धातूच्या जिगची चाचणी घरी होते आणि ती मला फार उपयोगी वाटते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर हाताने ओतलेले जुने जिग शुद्ध कथलाचे असत, नंतरची स्वस्त नक्कल शिशाची. आधी जिग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि जिग दोऱ्याने पाण्यात पूर्ण लोंबकळत सोडा, तळाला टेकू न देता. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे जिगने सारलेले पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. ५६.७ ग्रॅमच्या, म्हणजे दोन औंसाच्या जिगसाठी आकडा ७.८ आला तर घनता ७.३, ते कथील. ५.० आला तर ११.३, ते शिसे. ओतलेला पोलादी गळ असेल तर शिशाची घनता थोडी खाली, साडेदहाच्या आसपास येते. कथलावर गळाचा परिणाम नगण्य, कारण पोलादाची घनता ७.८ म्हणजे जवळचीच. पिसे असलेल्या जिगवर ही चाचणी करू नका, त्यांत हवा अडकते. झटपट खूण हवी असेल तर कोपरा कागदावर ओढा, शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडते. शिशाच्या नगावर पांढरी भुकटी असेल तर हातमोजे घाला आणि ती फुंकू नका, ती विषारी असते. नव्या प्लायवुडच्या आणि पुठ्ठ्याच्या आम्ल वाफेने ती वाढते, म्हणून शिशाचे जिग काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात ठेवावेत.

बनावट नग गोव्याच्या बाजारात अमेरिकेइतके नाहीत, पण ऑनलाइन घ्याल तर भेटतील. सर्वांत भरवशाची परीक्षा गळाच्या कमानीची. गळ कडीवर झुलताना अंगावर अर्धवर्तुळाकार ओरखडे पाडतो. आताचा गळ हाताने फिरवून पाहा. टोक जिथवर पोहोचते तिथेच जुने ओरखडे असले पाहिजेत. ओरखडे वेगळ्या त्रिज्येवर असतील तर गळ बदलला आहे. गळ बराच वापरलेला आणि त्याखालचा रंग कोरा असेल तर रंग नवा. वयाच्या भेगा लाकडाच्या धाग्याला धरून जातात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. भेगेच्या आत रंग उतरलेला दिसला तर भेग आधीची आणि रंग नंतरचा. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या, ३९५ चा स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त फेकतो. अंधारात जुना शेलॅक नारिंगी चमकतो, जस्ताचा पांढरा पिवळट चमकतो, टायटॅनियमचा पांढरा काळपट राहतो. एकाच अंगावर दोन वेगळे ठिगळ दिसले तर डागडुजी झाली आहे. पुठ्ठ्याचे खोके निळसर-पांढरे झळाळले तर त्या कागदात चमक आणणारे रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरच आले. १९२५ चे म्हणून दिलेले खोके असे झळाळले तर ते नवे छापलेले.

शिंपल्याच्या ल्यूरकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहा. पॅसिफिक बेटांवर मोत्याच्या शिंपल्याच्या दांड्याला कासवाच्या पाठीचा आकडा बांधून बोनिटो माशासाठी ल्यूर करत. आकडा गडद, पिवळ्या-तपकिरी ढगांचा आणि उजेडाला धरल्यावर अर्धपारदर्शक असेल तर तो हॉक्सबिल कासवाचा असू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आजोबांचा असला तरी. हस्तिदंताचेही तसेच. विकण्याचा विचार सोडून आधी वन खात्याकडे विचारणा करा.

आणखी एक कायदा विकताना आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली हस्तकौशल्याची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे १९१० चा प्लग पोस्टाने अमेरिकेला धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घ्यावा लागेल. १९५५ च्या प्लगला हा प्रश्न नाही, पण त्याचे वय कागदावर दाखवता आले पाहिजे. इथे वरचे सगळे फोटो आणि नोंदी कामी येतात.

किंमत. २००३ मध्ये १८५९ च्या पेटंटचा एक मोठा हॅस्केल मिनो ल्यूर लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक जुनी पेटी उघडताना हा आकडा कुणीतरी काढतो. तो तांब्याचा, गोड्या पाण्याचा आणि जवळपास एकमेव नग होता. त्याच्याशी तुमच्या पेटीचा संबंध नाही. मूल्य ठरवायची रीत अशी: मागितलेली किंमत पाहायची नाही, झालेली विक्री पाहायची. तेच मॉडेल, तोच रंग, तीच लांबी (ओठ सोडून फक्त अंगाची, आठव्या इंचापर्यंत), तेच जोडकाम, अशा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पाच-सहा विक्री जमवा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची काढून टाका, मधली धरा. स्थितीसाठी एक ते दहाचे मोजमाप संग्राहकांत रूढ आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेला अमेरिकेतला नॅशनल फिशिंग ल्यूर कलेक्टर्स क्लबही आकड्यांनीच स्थिती सांगतो. विक्रेत्याने आठ म्हटले तर मनात सात धरा आणि फोटो मागवा. माझा स्वतःचा अंदाज असा: एखाद्या ठिकाणी रंगाची दुरुस्ती असेल तर मूळ किंमतीच्या निम्म्यावर यावे, पूर्ण रंगवलेल्या प्लगला शोभेच्या वस्तूची किंमत द्यावी, बदललेल्या गळासाठी फार कापू नये, पण ओठ बदलला असेल तर जोरात कापावे. जुळणारे मूळ खोके कधी कधी ल्यूरइतकेच मोलाचे असते. म्हणूनच त्यावर सेलोटेप लावू नका.

लिलावाचा आकडा वाचताना त्यातले थर ओळखा. समजा हातोडी १०० डॉलरवर पडली. खरेदीदाराचे शुल्क २० टक्के असेल तर त्याने १२० दिले. विक्रेत्याकडून १५ टक्के कापले तर त्याच्या हाती ८५ आले. संकेतस्थळावर बहुधा १२० छापलेले असते. तुम्ही विकणार असाल तर ८५ धरा, त्यातून पाठवणी, विमा आणि कागदपत्रांचा खर्च वजा करा. विम्यासाठी मूल्यांकन हवे असेल तर १२० धरा. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि मूल्यांकनाच्या कागदावर कोणत्या कारणासाठी ते केले हे लिहिलेच पाहिजे. भारतात अशा ल्यूरचे खरेदीदार मोजके आहेत, म्हणून हणजुण्याच्या बुधवारच्या किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारी किंमत जागतिक किंमतीपेक्षा बरीच कमी असेल. विकणाऱ्याला हे नुकसानीचे, संग्रह करणाऱ्याला सोयीचे. बाजारात घेणार असाल तर एकटा प्लग घेऊ नका, त्यासोबतची फुटकी खोकी, पावत्या, गंजलेल्या रिंगा सगळे मागा. विक्रेता ते कचरा समजून देतो आणि ओळख पटवायला तेच लागते. स्वयंपाकघरातल्या चमच्याचा दांडा कापून, दोन भोके पाडून केलेला स्पून दिसला तर तोही घ्या. परदेशात त्याला कुणी विचारणार नाही, पण चणक आणि गोबरा या माशांसाठी इथल्या माणसाने काय केले याची नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

साठवणीसाठी झाकणाला रबरी कडा असलेले पॉलिप्रोपिलीनचे डबे घ्या. दहा लिटरच्या डब्यात ५० ते १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल पुरते. निळे टाळा, त्यात कोबाल्टचे विषारी क्षार असतात. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा. पावसाळ्यात हे दर तीन आठवड्यांनी करावे लागेल. लाकडी प्लगच्या डब्यात आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. ४० च्या खाली गेली तर लाकूड आक्रसते आणि रंग तडकतो. स्वस्त आर्द्रतामापक कितपत खरे बोलतो ते मिठानेच तपासता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन काही थेंब पाण्याने लापशी करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. तो ७५ दाखवायला हवा. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवा.

पिसांच्या जिगमध्ये कसर किंवा बारीक भुंग्यांची विष्ठा दिसली तर औषध फवारू नका. पिशवीतली हवा काढून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर आतल्या थंड शिशावर दव बसते. रंगवलेल्या लाकडी प्लगला मात्र हा उपाय लागू नाही.

तुमच्या पेटीपुरते क्रम असा ठेवा: आज चिकट प्लग फोटो काढून वेगळा, उद्या बाकी सगळ्यांचे फोटो, या आठवड्यात स्पून पाण्यात. सागवानी पेटी जपा, पण ल्यूर परत तिच्यात ठेवू नका. जुन्या लाकडात आजोबांच्या काळापासूनचे मीठ मुरलेले आहे. ती रिकामीच ठेवा आणि आतल्या कप्प्यांवर कोणता नग कुठे होता त्याच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहून लावा.